बेरीज-वजाबाकीची बस : सहा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

३१ मे, तयारी

परवापासून पाच ते सहा वर्षांच्या ८ मुलांबरोबर दहाच्या आतली बेरीज आणि वजाबाकी सुरू करायची आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० मिनिटे, अशी एकूण १८ सत्रे ठरवली आहेत. पहिले चार आठवडे वही-पेन्सिल बाहेर काढायची नाही. गोष्ट सांगायची, ती वस्तूंनी करून दाखवायची आणि प्रश्नही गोष्टीतलाच विचारायचा, एवढेच ठरले आहे. सगळ्या मुलांना वीसपर्यंत आकडे तोंडपाठ आहेत. दहा वस्तू बोट ठेवून अचूक मोजणे मात्र सहा जणांनाच जमते. उरलेल्या दोघांची जीभ बोटाच्या पुढे धावते, त्यामुळे एखादी वस्तू सुटते किंवा दोनदा मोजली जाते. या दोघांना आधी मोजण्याचाच सराव द्यावा लागेल.

साहित्य : जुन्या कपड्यांची ६० मोठी बटणे, डबाभर खडे, बुटांचे दोन रिकामे खोके, जाड पुठ्ठा आणि लाकडी ठोकळे. विकत काहीही आणले नाही, वेळ मात्र साडेचार तास गेला. त्यातला बराचसा वेळ तोंडात किंवा नाकात सहज जातील अशी लहान बटणे निवडून बाजूला काढण्यात गेला. घरात याहून लहान भावंड असेल, तर हे काम टाळू नये.

२ जून, सत्र १

आजचे सत्र जवळजवळ वाया गेले. मी खारीची एक गोष्ट रचली होती. खार झाडाच्या ढोलीत खडे साठवते, पाऊस येतो, खडे भिजतात, शेजारची चिमणी मदतीला धावते, असा तिचा विस्तार होता आणि ती सांगायला १५ मिनिटे लागली. मुले मन लावून ऐकत होती, पण त्या पंधरा मिनिटांत बेरजेची वेळ दोनदाच आली आणि दोन्ही वेळा मुलांना आकड्यांत रस नव्हता. “खारीची आई कुठे गेली?” हा प्रश्न चौघांनी विचारला. “खारीकडे तीन खडे होते, चिमणीने आणखी दोन आणले, आता किती?” यावर एका मुलीने “ती चिमणी चांगली आहे” असे उत्तर दिले, आणि मी सांगितलेल्या गोष्टीला ते अगदी योग्य उत्तर होते. गोष्टीचा जीव भलत्याच ठिकाणी होता. खारीला किती खडे मिळाले याने गोष्टीत काहीच बदलत नसेल, तर मुलांनी ते का मोजावे?

दुसरी अडचण खड्यांची होती. ते घरंगळतात, आणि प्रत्येकाचा आकार आणि रंग निराळा असल्याने मुले मोजण्याऐवजी सुंदर खडे निवडत बसली. खडे बंद, यापुढे बटणेच वापरायची.

४ जून, सत्र २

गोष्ट चार वाक्यांवर आणली. बस निघाली. बसमध्ये तीन प्रवासी आहेत. थांबा आला, दोघे चढले. आता कंडक्टरला एकूण किती तिकिटे फाडावी लागतील? इथे संख्या हीच गोष्टीची गरज आहे, कारण तिकीट कमी पडले तर बस पुढे जात नाही, हा नियम मुलांनी लगेच उचलला आणि स्वतःच कडकपणे पाळू लागली.

खुर्च्या दोन ओळींत मांडून मुलांनाच प्रवासी केले. उत्साह भरपूर होता, पण एक चूक चार वेळा घडली : बसमध्ये बसलेल्या मुलाला “किती जण?” असे विचारले, की तो स्वतःला सोडून मोजतो. समोरच्याकडे बोट जाते, स्वतःच्या छातीकडे येत नाही. म्हणून मोजण्याचे काम कायम बसबाहेर उभ्या असलेल्या कंडक्टरकडे द्यायचे ठरवले. कंडक्टर होण्यासाठी भांडणे झाली, तेव्हा पाळी लावली.

९ जून, सत्र ४

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती आज झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या सत्रात बुटांच्या खोक्याची बस आणि बटणांचे प्रवासी केले होते. मुले उत्तरे अचूक देत होती आणि मी समाधानात होते. माझ्या सहकारी शेजारी बसून टिपणे घेत होत्या. सत्र संपल्यावर त्यांनी दाखवून दिले की एकाही मुलाने बेरीज केलेली नव्हती. आधी चार बटणे मोजली, मग दोन ठेवली, आणि “सगळी किती” असे विचारताच पुन्हा एकपासून सहापर्यंत मोजली. समोर सगळे उघडे दिसत असताना यापेक्षा वेगळे काही करण्याचे मुलांना कारणच नव्हते.

आज खोक्याला झाकण लावले. मुलांदेखत चार बटणे मोजून आत टाकली, झाकण बंद केले, त्यावर ‘४’ लिहिलेली चिठ्ठी ठेवली आणि दोन बटणे दाराबाहेर ठेवली. “हे दोघे आता चढणार आहेत. मग बसमध्ये किती?”

बराच वेळ कोणीच बोलले नाही. दोघांनी झाकण उघडायला मागितले. मग खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीने झाकणावर बोट टेकवले आणि ती टकटक करत म्हणाली, “एक, दोन, तीन, चार.” प्रत्येक आकड्याला झाकणावर एक नवी जागा होती, जणू आतला एकेक प्रवासी तिला पुठ्ठ्यातून दिसत होता. मग बोट बाहेरच्या बटणांवर आले : “पाच, सहा.” तिने उत्तर सांगितले, झाकण उघडून पडताळले, आणि लगेच म्हणाली, “ताई, परत.” पुढच्या दहा मिनिटांत आणखी तिघे टकटक करू लागले. न दिसणारे मोजता येते, हे त्यांना उमगले होते आणि मला तेच हवे होते.

ज्यांना असा प्रयोग करायचा आहे, त्यांना एवढेच सांगते की झाकण पहिल्या दिवसापासून वापरावे. मी दोन सत्रे घालवली.

११ जून, सत्र ५

आजचे उद्दिष्ट झाकणावरची टकटक कमी करणे हे होते. चार आत आहेत हे माहीत असेल, तर पुन्हा एकपासून म्हणायची गरज नाही, सरळ “चार” म्हणून पुढे जाता येते. हे मी बोलून समजावले आणि ते फसले. मुलांनी नियम म्हणून ऐकले, आणि चार अधिक दोनचे उत्तर तिघांनी पाच दिले. ती म्हणत होती, “चार, पाच,” आणि पहिल्या बटणावर बोट ठेवूनच “चार” म्हणत होती. आतल्या सगळ्यांचा आकडा बाहेरच्या पहिल्या प्रवाशाला मिळत होता.

दुरुस्ती हाताने झाली. पूर्ण तळहात झाकणावर ठेवायचा आणि लांब सुरात “चाऽऽर” म्हणायचे. मग हात उचलायचा, आणि बाहेरचे बटण उचलून झाकणाच्या फटीतून आत टाकतानाच “पाच” म्हणायचे. तळहात म्हणजे सगळे, बोट म्हणजे एक, हा फरक मुलांच्या हातांना लवकर कळला. चूक करणाऱ्या तिघांपैकी दोघे त्याच सत्रात सावरले.

१६ जून, सत्र ७

पटावरचा खेळ आणला आणि त्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ वाया गेली. सापासारखा वळणावळणाचा, ३० घरांचा, चित्रे काढलेला पट मी तयार केला होता. मुले वळणावर उलट्या दिशेने जात होती, नेहमीच्या फाशावर सहा पडले की आकडे म्हणण्याआधीच उड्या मारत होती, आणि एक डाव संपायला २० मिनिटे लागत होती.

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये लहान मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात १ ते १० आकड्यांची एका सरळ रेषेतली घरे आणि फक्त १ व २ दाखवणारी फिरकी वापरली होती, आणि मुलाने सरकताना घरावरचा आकडा मोठ्याने म्हणायचा, असा त्यांचा नियम होता. मी हे पूर्वी वाचले होते आणि तरीही पट सजवण्याच्या नादात विसरले. पुठ्ठ्याची सरळ पट्टी कापून दहा घरे आखली, लाकडी ठोकळ्याच्या सहा बाजूंवर कागद चिकटवून तीनदा १ आणि तीनदा २ लिहिले. हे सगळे २५ मिनिटांत झाले. आता डाव तीन-चार मिनिटांत संपतो आणि प्रत्येक मुलाचे एका सत्रात चार डाव होतात.

या खेळातला सगळा कस मुलाच्या तोंडी काय येते यावर आहे. सोंगटी पाचवर असताना २ पडले, तर मुले “एक, दोन” म्हणून सरकतात आणि सातवर पोहोचूनही पाच आणि दोन सात होतात हे त्यांच्या कानांवर पडत नाही. “सहा, सात” असे म्हणायला लावले, की प्रत्येक चाल ही एक बेरीज होते. “एक, दोन” म्हटले तर सोंगटी मागे न्यायची आणि चाल पुन्हा खेळायची, असा नियम केला. त्यात शिक्षा नाही, म्हणून कोणी रुसले नाही.

१८ जून, सत्र ८

बोटांवर मोजणे बंद करावे, असे मी मागच्या आठवड्यात ठरवले होते, कारण मुले बोटांत अडकून पडतील अशी मला भीती वाटत होती. आज पट मांडताना खाली वाकले, तेव्हा एक मुलगा बाकाखाली हात लपवून बोटे उघडत असल्याचे दिसले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मुठी मिटल्या. मला फार वाईट वाटले. बोटे ही त्याची सर्वांत जवळची, कधीही न हरवणारी बटणे होती आणि ती मीच काढून घेतली होती.

बंदी लगेच उठवली आणि पुढची दहा मिनिटे बोटांचाच खेळ केला : “सात दाखवा, पण एकेक न मोजता.” एक पूर्ण पंजा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे एकदम वर यायला लागली. पाच आणि दोन सात, ही जोडी कोणीही वेगळी शिकवली नाही.

२० जून, सत्र ९

वजाबाकीला आज सुरुवात केली. एवढा उशीर करायला नको होता. प्रवासी उतरतात कधी, असे मुलांनी दुसऱ्याच सत्रात विचारले होते आणि मी “नंतर” म्हणून टाळले होते. तीन आठवडे फक्त चढणारे प्रवासी पाहिल्यामुळे आज दोघे उतरले असे सांगूनही तीन मुलांनी बटणे आत टाकली. चढणे आणि उतरणे आरंभापासून एकत्र ठेवले असते, तर मुलांना गोष्ट ऐकूनच ठरवावे लागले असते.

मागे मोजताना तीच एकची चूक निराळ्या रूपात परत आली. सातमधून दोन उतरले, तर “सात, सहा” म्हणून उत्तर सहा. यावर उपाय असा केला, की प्रवासी पूर्ण बाहेर पडून जमिनीवर टेकल्याशिवाय आकडा म्हणायचाच नाही. एक उतरला, टेकला, आता आत किती? सहा. दुसरा उतरला, टेकला, आता किती? पाच. गती फार मंद होते, पण चूक थांबते.

२५ जून, सत्र ११

मागच्या सत्रात मी मुलांना एक सोपी खूण सांगितली होती : गोष्टीत ‘मिळून’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी. मुलांनी ती आनंदाने घेतली आणि २० पैकी १८ प्रश्न बरोबर सोडवले. आज ती खूण मोडीत काढावी लागली.

प्रश्न असा होता : बसमधून तिघे उतरले आणि आत पाच उरले, तर आधी आत किती होते? ‘उरले’ ऐकताच सात मुलांनी पाचातून तीन काढले आणि दोन म्हणाली. आधी बसमध्ये दोघेच असतील, तर तिघे उतरतील कसे, हा विचार एकाच्याही मनात आला नाही, कारण माझ्या खुणेमुळे गोष्ट ऐकण्याचीच गरज संपली होती. ती खूण मीच दिली होती, म्हणून मुलांसमोर स्पष्ट सांगितले की ती चुकीची होती आणि आपण ती सोडून देत आहोत.

मग बस मागे चालवली. कंडक्टरच्या लक्षात आले की तिकिटांचा हिशेब राहिला आहे, म्हणून बस उलटी मागच्या थांब्यावर जाते आणि उतरलेले तिघे उलट्या पावलांनी पुन्हा आत येतात. हे मुलांना इतके आवडले की सगळे सत्र त्यातच गेले. शेवटी पाच जणांनी बस प्रत्यक्ष मागे न नेता, नुसता हात मागे फिरवून उत्तर सांगितले.

३० जून, सत्र १३

आज तुलना घेतली. पाच पिले, तीन घरटी. “पिले घरट्यांपेक्षा कितीने जास्त आहेत?” सहा मुलांनी “पाच” असे उत्तर दिले. मी प्रश्न दोनदा सावकाश उच्चारला, तरी उत्तर तेच. मुलांच्या दृष्टीने जास्त काय, तर पिले. ती किती, तर पाच. ‘कितीने’ या शब्दातला ‘ने’ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला : “प्रत्येक पिलाने एकेक घरटे घेतले, तर किती पिलांना घरटे मिळणार नाही?” सात जणांनी लगेच “दोन” म्हटले. संख्या त्याच, चित्र तेच. हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षी आणि अळ्या दाखवून असाच फरक आढळला होता, हे मला ठाऊक होते. तरी आपल्या समोरच्या मुलांच्या तोंडून तो ऐकताना मी थक्क झाले. अडचण वजाबाकीची नसून भाषेची होती. आता आधी ‘मिळणार नाही’ असे विचारायचे, आणि उत्तर आल्यावर “म्हणजे पिले दोनने जास्त” हे वाक्य आम्ही जोडायचे.

२ जुलै, सत्र १४

प्रथमच चिन्हे लिहिली. आधी बसची फेरी खेळायची, मग ती फेरी आठवण म्हणून चिठ्ठीवर लिहायची : ४ + २ = ६. अधिक आणि उणे ही चिन्हे छापील पुस्तकात १४८९ मध्ये आणि बरोबरचे चिन्ह १५५७ मध्ये आले. माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून बेरजा करत होती, तेव्हा मुलांनी एक महिना चिन्हांवाचून काढला यात काही बिघडले नाही.

अधिक आणि उणे सहज रुळले. बरोबरचे चिन्ह मात्र अडले. ७ = ४ + ३ असे लिहिल्यावर एक मुलगी म्हणाली, “ताई, हे उलटे झाले.” तिच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ एवढाच हुकूम होता. कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना सारखे डबे टांगून तराजू केला. एकाच जातीची बटणे दोन्हीकडे टाकून दांडी समान ठेवायची आणि ‘तितकेच’ हा शब्द म्हणायचा. डबे नीट टांगण्यातच बराच वेळ गेला, आणि आजच्या सत्रात निम्म्या मुलांचीच पाळी आली.

७ जुलै, सत्र १६

दहाच्या पुढे जायचे नव्हते, पण मुलेच बसमध्ये जास्त प्रवासी मागू लागली. प्रत्येक ओळीत पाच अशा दोन ओळींची दहा घरांची चौकट आखली. आठ अधिक पाच असेल, तर चौकटीतली दोन रिकामी घरे आधी भरायची. एक बस भरली, तीन प्रवासी दुसऱ्या बसमध्ये. हे दिसायला सोपे असले, तरी आपले आकडे इथे मदत करत नाहीत. ‘तेरा’ या शब्दातून दहा आणि तीन लहान मुलाला ऐकू येत नाहीत. म्हणून काही काळ “दहा आणि तीन, म्हणजे तेरा” असे दोन्ही म्हणायचे ठरवले.

एकोणीस मात्र आनंद देऊन गेला. या शब्दाच्या पोटातच वजाबाकी आहे : वीसला एक उणे. दोन्ही बसगाड्या भरल्या, फक्त एक घर रिकामे, आणि मी ‘एकोणीस’ हा शब्द तोडून सांगितला, तेव्हा चष्मा लावणारा मुलगा स्वतःशीच “एकोणतीस, एकोणचाळीस” असे पुटपुटत राहिला आणि शेवटी म्हणाला, “सगळ्यांत एक घर रिकामे आहे.”

११ जुलै, सत्र १८

शेवटच्या सत्रात प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून झाकलेल्या बसचे सहा प्रश्न विचारले. पाच मुले आतली संख्या धरून पुढे मोजतात. दोघे अजून झाकणावर टकटक करतात, आणि त्यांची उत्तरे बरोबर येतात. एक मुलगा झाकण उघडून एकपासून मोजतो. सुरुवातीला ज्या दोघांना मोजणेच अवघड जात होते, त्यांच्यापैकी तो आहे, आणि आता त्याची एकही वस्तू सुटत नाही. त्याच्यासाठी झाकणाऐवजी पातळ रुमाल वापरून पाहणार आहे, म्हणजे आतले प्रवासी अर्धवट दिसतील. मागे मोजणे चौघांनाच जमते. या कामाला सहा आठवडे पुरले नाहीत.

तयारीचा एकूण वेळ १९ तास झाला. त्यातले सात तास वळणाचा पट, खारीची चित्रे आणि मोडलेला पहिला तराजू यांत गेले.

सत्राच्या अखेरीस मुलांना स्वतःची गोष्ट सांगायला लावली. टकटक सर्वप्रथम शोधून काढणाऱ्या मुलीची गोष्ट अशी : “बसमध्ये नऊ जण होते. चौघे उतरले. मग तेच चौघे परत चढले, कारण छत्र्या आतच राहिल्या होत्या.” आता आत किती, असे मी विचारले. तिने खोक्याकडे पाहिलेही नाही. “नऊच की,” ती म्हणाली, “मोजायचं कशाला?” बाकीच्या मुलांपैकी तिघांनी तरीही बटणे काढून मोजली आणि नऊ आल्यावर पुन्हा मोजली. छत्री विसरलेल्या प्रवाशांच्या सहा चिठ्ठ्या आज रात्री लिहून ठेवते. पुढच्या गटाबरोबर त्या दुसऱ्याच आठवड्यात काढायच्या आहेत.